उसन्या रस्त्यावरचा खेळ : राष्ट्रीय मोटार रॅली अजिंक्यपद स्पर्धेची वाटचाल

(दिग्रस, जिल्हा यवतमाळ येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



रॅली हा शब्द उच्चारला की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती मिरवणूक. निवडणूक असो, एखाद्या थोर पुरुषाची जयंती असो की रस्ता सुरक्षा अभियान असो, झेंडे लावलेल्या मोटारसायकलींची रांग गावातून फिरली की तिला रॅली म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आजच्या विषयातील रॅली ती नव्हे. ही मोटारींची एक स्पर्धा आहे. बांधीव शर्यतमार्गावर ती होत नाही. ती होते डोंगरातल्या, मळ्यांतल्या आणि गावांच्या शिवारातल्या रस्त्यांवर. जे रस्ते खेळासाठी बांधलेले नाहीत, जे शेतकऱ्यांचे, शाळकरी मुलांचे आणि बैलबंडीचे आहेत, त्यांच्यावर काही तासांपुरता हा खेळ मांडला जातो. रस्ता उसना घ्यायचा आणि खेळ संपला की होता तसा परत करायचा, हे त्याचे मूळ गणित होय.

भारतातील राष्ट्रीय मोटार रॅली अजिंक्यपद स्पर्धेचा इतिहास हा गाड्यांचा आणि चालकांचा इतिहास आहेच. परंतु हा रस्ता कोणाकडून, कोणत्या अटींवर आणि किती जबाबदारीने उसना घेतला गेला, याचाही तो इतिहास आहे. त्यातले हे दुसरे अंग पंचायत सदस्यांना व शिक्षकांना अधिक जवळचे वाटेल.

वऱ्हाडातील माणसाला हा खेळ समजण्यास अवघड नाही. शंकरपटात बैलजोडी ठरावीक अंतर धावते, घड्याळ वेळ टिपते आणि सेकंदाच्या अंशाने इनाम ठरते. रॅलीतही गाडी एकटीच सुटते आणि तिची झुंज असते ती घड्याळाशी. साम्य येथेच संपत नाही. प्राण्यांच्या हालांच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने हा दुरुस्ती कायदा वैध ठरविला. जुना आणि लोकप्रिय खेळसुद्धा नियमांचे कुंपण स्वीकारल्यावरच टिकू शकला. मोटार रॅलीलाही याच वाटेने यावे लागले आहे.

खेळाचा जन्म

'रॅली' हा मूळचा फ्रेंच शब्द असून पांगलेल्यांनी पुन्हा एकत्र येणे हा त्याचा अर्थ आहे. १९११ साली मोनॅको येथे पहिली मॉन्टे कार्लो रॅली भरली. युरोपातील निरनिराळ्या शहरांतून गाड्या निघाल्या आणि मोनॅकोत एकत्र आल्या. म्हणून तिला हे नाव पडले. त्या काळी मोटार ही लहरी वस्तू होती. ती घरून निघाली तर मुक्कामी पोहोचेलच, अशी खात्री नसे. त्यामुळे वेगापेक्षा गाडीची भरवशाची चाल ही खरी कसोटी होती आणि गाडी कोणत्या अवस्थेत पोहोचली याचाही निकालात विचार होई. पुढे गाड्या सुधारल्या तसे रॅलीचे रूप बदलले. पूर्व आफ्रिकेत १९५३ साली सफारी रॅली सुरू झाली. १९७३ साली जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेला प्रारंभ झाला. भारतीय वंशाचे केनियन चालक शेखर मेहता यांनी १९७३ साली आणि पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे, म्हणजे एकूण पाच वेळा सफारी रॅली जिंकली.

मुंबईचे स्थान

आपल्या देशात मोटारींच्या चाचणीची परंपरा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत मागे जाते. दिल्ली ते मुंबई अशी गाड्यांची भरवशाची चाल तपासणारी चाचणी त्या दशकात झाली होती. डांबरी सडका तेव्हा जवळजवळ नव्हत्याच, आणि वाटेतील नद्या ओलांडणे हाच मोठा पराक्रम होता. पुढे १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही मोटारधारकांची संस्था स्थापन झाली.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ मोटार ही मूठभरांची चैन होती. गाड्यांचे नमुनेही मोजकेच होते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडे. कलकत्त्याच्या बाजूने अँबॅसॅडर येई. या घरगुती गाड्यांनाच थोडाफार साज चढवून हौशी मंडळी स्पर्धेत उतरत.

१९६८ साल मात्र मुंबईला जगाच्या नकाशावर आणणारे ठरले. त्या वर्षी २४ नोव्हेंबर रोजी लंडनहून सिडनीकडे ९८ गाड्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा प्रवास करीत त्या दिल्लीला आणि तेथून मुंबईला पोहोचल्या. खुष्कीचा मार्ग येथे संपला. मुंबई बंदरातून 'चुसान' या बोटीने गाड्या ऑस्ट्रेलियाला रवाना झाल्या. स्कॉटलंडचे अँड्र्यू कोवान हे हिलमन हंटर गाडी घेऊन विजयी झाले. आपल्याच देशाच्या रस्त्यांवरून जगातील नामवंत चालक धावताना पाहण्याची ही संधी होती आणि येथील हौशी चालकांवर तिची छाप पडली.

संघटनेचा पाया

हौस एकेकट्याची असते, स्पर्धेला मात्र संघटना लागते. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबसारखी मंडळे १९५० नंतरच्या दशकापासून काम करीत होती. परंतु प्रत्येक मंडळाचे नियम वेगळे होते. १९७३ साली या मंडळांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. चेन्नई येथे कार्यालय असलेला हा मोटार क्रीडा महासंघ चालकांना परवाने देतो, स्पर्धांचे नियम ठरवितो आणि त्यांच्यावर निरीक्षक नेमतो. आंतरराष्ट्रीय संघटनेशी तो संलग्न आहे.

१९८० ते १९९० या काळात भरलेली हिमालयन रॅली हा या वाटचालीतील मोठा टप्पा होय. मुंबईचे नझीर हुसेन हे तिचे प्रमुख संघटक होते. पुढे ते मोटार क्रीडा महासंघाचे अध्यक्ष झाले आणि फॉर्म्युला वन शर्यतींमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेचे निरीक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. हिमालयन रॅलीत परदेशी चालक नव्या शक्तिमान गाड्या घेऊन येत आणि भारतीय चालक त्यांच्याशी स्वदेशी गाड्यांवर झुंजत. याच रॅलीने दुसरा धडाही शिकविला. खनिज तेलाच्या किमती भडकलेल्या असताना असा खेळ हवाच कशाला, असा प्रश्न तेव्हा विचारण्यात आला. रस्ता आणि इंधन ही साऱ्या समाजाची मालमत्ता आहे; तिचा उपयोग करणाऱ्याने समाजाला उत्तर दिले पाहिजे, ही जाणीव खेळाच्या चालकांना त्यातून झाली.

राष्ट्रीय अजिंक्यपद

१९८८ साली राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. तोवर प्रत्येक रॅली आपापल्या जागी स्वतंत्र होती. आता वर्षभरात देशाच्या निरनिराळ्या भागांत होणाऱ्या रॅली या एकाच स्पर्धेच्या फेऱ्या ठरल्या. प्रत्येक फेरीत क्रमांकानुसार गुण मिळावेत आणि वर्षअखेर सर्वाधिक गुण मिळविणारी जोडी राष्ट्रीय विजेती व्हावी, अशी ही रचना आहे. टायर बनविणाऱ्या कंपन्यांनी आणि पुढे मोटार कारखानदारांनी तिला आर्थिक पाठबळ दिले. स्पर्धेचा बहुतांश काळ फेऱ्यांचा केंद्रबिंदू दक्षिणेत राहिला. कोइंबतूर, चेन्नई, बंगळूर, चिकमगळूर आणि कोची ही नावे पुन्हा पुन्हा येतात.

कर्नाटकातील चिकमगळूर आणि कोडगू हे जिल्हे या खेळाचे माहेर व्हावेत, याला एक व्यावहारिक कारण आहे. तेथील कॉफीच्या मळ्यांतून मैलोगणती कच्चे रस्ते जातात आणि ते खाजगी मालकीचे आहेत. मळ्याच्या मालकाने होकार दिला की रस्त्यावर वर्दळ नसते, एसटी अडत नाही, शेजारच्या गावाची वाट बंद होत नाही. २०१० नंतरच्या दशकात चिकमगळूरच्या रॅलीला आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद स्पर्धेच्या फेरीचा दर्जा मिळाला, यामागे या रस्त्यांचा वाटा मोठा आहे.

गाड्यांच्या बाबतीत या स्पर्धेने देशाच्या मोटार उद्योगाचेच स्थित्यंतर पाहिले. पद्मिनी आणि अँबॅसॅडर मागे पडल्या. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. १९८५ साली आलेली जिप्सी खडबडीत रस्त्यावर दणकट ठरली आणि दीर्घकाळ रॅलीची हक्काची गाडी होऊन बसली. पुढे एस्टीम, मित्सुबिशी लान्सर आणि सेडिया, फोक्सवॅगन पोलो अशा गाड्या उतरल्या. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्र एक्सयूव्ही ५०० या वजनदार गाडीनेही रॅलीसाठी खास सिद्ध होऊन मैदान मारले.

चालकांमध्ये चंदीगडचे हरी सिंग यांनी पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. कोइंबतूरच्या बाजूचे एन. लीलाकृष्णन आणि नरेन कुमार यांची नावे त्याच मालिकेतील होत. दिल्लीचे गौरव गिल यांनी २०१३, २०१६ आणि २०१७ या वर्षी आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद जिंकले आणि २०१९ साली त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. मोटार क्रीडेतील व्यक्तीला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

महाराष्ट्राचा वाटा

महाराष्ट्रात या स्पर्धेची फेरी भरविण्याचा मान नाशिककडे जातो. सह्याद्रीच्या उतरणीवरचे लाल मातीचे व मुरमाचे रस्ते आणि मुंबई-पुण्याहून सोयीचे दळणवळण यामुळे 'रॅली ऑफ महाराष्ट्र' तेथे भरत आली. पुण्याचे संजय टकले यांनी आशियातील रॅलींमध्ये नाव मिळविले आणि जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियातील डाकार क्लासिक या वाळवंटातील दीर्घ रॅलीत भाग घेतला. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनने महिलांसाठी मुंबईहून लोणावळ्याच्या परिसरापर्यंत जाणारी रॅली भरविली. तीत वेगाला नव्हे तर वेळ काटेकोर पाळण्याला गुण असतात. या प्रकाराविषयी पुढे अधिक सांगावयाचे आहे.

रॅली चालते कशी

रॅलीचा मार्ग दोन प्रकारच्या तुकड्यांचा बनलेला असतो. एक 'विशेष टप्पा' आणि दुसरा 'जोड रस्ता'. विशेष टप्पा म्हणजे इतर सर्व वाहतुकीस बंद केलेला रस्ता. त्यावर गाड्या एक किंवा दोन मिनिटांच्या अंतराने एकेक सुटतात आणि प्रत्येकीची वेळ नोंदली जाते. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्या गाडीची सर्वांत कमी, ती विजयी. एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे जाण्याचा जोड रस्ता मात्र सर्वांसाठी खुला असतो. त्यावर स्पर्धक हा साधा वाहनचालक असतो. सिग्नल, वेगमर्यादा, पुढे चाललेली गुरे, हे सारे नियम आणि अडथळे त्यालाही लागू. तेथे वाहतुकीचा नियम मोडला तर स्पर्धेतही दंड होतो. ज्या चालकाने पाच मिनिटांपूर्वी ताशी शंभराहून अधिक वेगाने गाडी फेकली, त्यालाच आता ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे निमूटपणे चालावे लागते. या खेळाची खरी शिस्त येथे दिसते.

गाडीत दोघे असतात. एक चालवितो, दुसरा वाट सांगतो. स्पर्धेपूर्वी दोघे संथ गतीने मार्ग पाहून घेतात आणि प्रत्येक वळणाची टिपणे वहीत उतरवितात. वळण डावे की उजवे, किती तीव्र, पुढे किती मीटर सरळ, उतार कोठे, दगड कोठे, हे सारे ठरावीक आकड्यांत आणि खुणांत लिहिले जाते. स्पर्धेत सहचालक ती टिपणे एका लयीत वाचत जातो आणि चालक न दिसलेल्या वळणासाठी गाडी आधीच सावरतो. सहचालक एक ओळ चुकला तर दोघेही खड्ड्यात. केरळातील कासरगोड जिल्ह्याचे मूसा शरीफ यांनी अनेक दशके याच आसनावर बसून कीर्ती मिळविली आहे.

रॅलीत वेळेच्या नाक्यावर उशिरा पोहोचल्यास दंड आहे आणि लवकर पोहोचल्यासही दंड आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार उशिराच्या प्रत्येक मिनिटास १० सेकंद, तर ठरलेल्या वेळेपूर्वी आल्यास प्रत्येक मिनिटास पूर्ण एक मिनिट दंड होतो. जोड रस्त्यावर गाडी पिटाळून काही साधत नाही, उलट तोटाच होतो, अशी ही तजवीज आहे.

खेळाने मोजलेली किंमत

हे नियम सहज झालेले नाहीत. १९८६ साली पोर्तुगालच्या रॅलीत रस्त्याच्या कडेला दाटलेल्या गर्दीत एक गाडी शिरली आणि तीन प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी कॉर्सिकाच्या रॅलीत चालक व सहचालक दोघेही जळून मरण पावले. त्यानंतर त्या वर्गातील अतिशक्तिमान गाड्या जागतिक स्पर्धेतून कायमच्या काढून टाकण्यात आल्या.

आपल्या देशातील घटना अधिक जवळची आणि अधिक बोचणारी आहे. २१ सप्टेंबर २०१९ रोजी राष्ट्रीय स्पर्धेच्या फेरीत राजस्थानमधील बाडमेर जिल्ह्यात विशेष टप्पा चालू असताना एका मोटारसायकलवरून जाणारे कुटुंब त्या रस्त्यावर आले. स्पर्धक गाडीची धडक बसून आई, वडील आणि मुलगा असे तिघेही ठार झाले. स्पर्धा थांबविण्यात आली आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. ते कुटुंब कोणी प्रेक्षक नव्हते. ज्या वाटेने गावातील माणसे रोज जातात, त्या वाटेने ते चालले होते. उसन्या रस्त्याचा प्रश्न किती गंभीर आहे, हे यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही.

रस्ता बंद असल्याचा आदेश कागदावर निघतो; परंतु गावाची वहिवाट त्या कागदावर लिहिलेली नसते. कोणत्या पांदणीने शेतकरी वखर घेऊन सडकेला लागतो, दूध पोहोचविणारा कोणत्या वेळी निघतो, शेजारच्या तांड्यावरील मुले कोणत्या पायवाटेने शाळेत येतात, ही माहिती नकाशात सापडत नाही. ती सरपंचाला असते, पोलीस पाटलाला असते, शिक्षकाला असते. म्हणून रॅलीच्या सुरक्षिततेत गावाचे स्थान पाहुण्याचे नसून जाणकाराचे आहे.

कायदा आणि गाव

ज्या १९८८ साली ही स्पर्धा सुरू झाली, त्याच सालचा मोटार वाहन अधिनियम आज लागू आहे. त्याच्या कलम १८९ अन्वये राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शर्यत लावू देणाराही या कलमाच्या कक्षेत येतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

उद्या दारव्हा, पुसद, आर्णी किंवा मानोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरील एखाद्या गावी आयोजक परवानगीचे पत्र घेऊन आले, तर पंचायतीने काय पाहावे? प्रथम लेखी संमतीची प्रत मागून घ्यावी. बंद राहणारा रस्ता आणि बंदची वेळ मराठीत लिहून, आठ-दहा दिवस आधी, दवंडीने आणि शाळेच्या फळ्यावरून गावाला कळली पाहिजे. शिवारातून सडकेला मिळणाऱ्या प्रत्येक पांदणीच्या तोंडाशी, मग ती कितीही अरुंद असो, माणूस उभा राहील की नाही, हे आयोजकांबरोबर प्रत्यक्ष चालून तपासावे. ओढून बांधलेली पट्टी म्हणजे पहारा नव्हे. गावात कोणी अडलेली बाई असेल, कोणाला सर्पदंश झाला, तर टप्पा थांबवून रुग्णवाहिकेला वाट कोण देणार, त्याचे नाव आणि दूरध्वनी आधीच ठरलेला असावा. प्रेक्षकांना वळणाच्या बाहेरच्या बाजूस उभे राहू देऊ नये, कारण सुटलेली गाडी बहुधा त्याच बाजूला जाते. उंचावरची आणि आतल्या बाजूची जागा त्यांच्यासाठी ठेवावी.

हंगामाचाही विचार हवा. पेरणीचे दिवस, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी आणि परीक्षा या काळात रस्ता देणे गावाला परवडणारे नाही. काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसानंतर पन्नास गाड्या धावल्या तर मागे काय उरते, हे येथील प्रत्येक बंडीवानाला ठाऊक आहे. म्हणून रस्त्याची स्पर्धेपूर्वीची स्थिती छायाचित्रांसह नोंदवून, दुरुस्तीची जबाबदारी लेखी घेतल्याखेरीज होकार देऊ नये. इतक्या अटी पाळणारा आयोजक मिळाला तर गावाने आनंदाने होकार द्यावा. अशा वेळी गावच्या तरुणांना मार्गरक्षकाचे प्रशिक्षण मिळते, बिनतारी संदेश कसा द्यावा, अपघातात काय करावे हे ते शिकतात आणि गावाला काही मिळकतही होते.

शाळेसाठी धडा

शिक्षकांना या विषयात आणखी एक गोष्ट हाती लागण्यासारखी आहे. रॅलीचा जो प्रकार वेगाऐवजी वेळ पाळण्यावर आधारलेला आहे, त्यात काल, वेग आणि अंतर यांचे गणित क्षणोक्षणी करावे लागते. अठरा किलोमीटरचा टप्पा ताशी छत्तीस किलोमीटर सरासरीने पार करावयाचा असेल तर बरोबर तीस मिनिटे लागली पाहिजेत. वाटेत फाटकाशी चार मिनिटे गेली आणि तोवर नऊ किलोमीटर झालेले असतील, तर उरलेल्या अंतरात सरासरी किती ठेवावी? पहिल्या निम्म्यास पंधरा मिनिटे आणि थांबण्याची चार धरून एकोणीस मिनिटे गेली, उरली अकरा, म्हणजे ताशी एकोणपन्नास किलोमीटरहून थोडी अधिक सरासरी लागेल. पण त्या रस्त्याची वेगमर्यादा चाळीसची असेल तर? तर उत्तर असे की, दंड स्वीकारावा आणि चाळीसनेच जावे. गणिताच्या तासाला हे उदाहरण सायकलवर करून पाहता येईल. गणितही होईल आणि त्यातील शेवटचा प्रश्न मुलांच्या मनात राहील.

हा शेवटचा प्रश्न साधा नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. रॅलीचे चित्रीकरण भ्रमणध्वनीवर पाहून गावाबाहेरच्या सडकेवर मोटारसायकल पिटाळणारा मुलगा त्या खेळाचा फक्त वेग पाहतो. त्या चालकाच्या अंगावर आगीपासून संरक्षण देणारा पोशाख आहे, डोक्यावर शिरस्त्राण आहे, गाडीच्या आत पोलादी नळ्यांचा पिंजरा आहे, रस्ता दोन्ही टोकांना बंद आहे आणि टप्प्याच्या तोंडाशी रुग्णवाहिका व अग्निशामक साधने सज्ज आहेत, हे त्याला दिसत नाही. तोच चालक जोड रस्त्यावर आला की वेगमर्यादेत चालतो, हे तर त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगण्याचे काम शिक्षकाचे आहे. मुलाला वेगाची हौस असेल तर तिला तुच्छ लेखू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार यांत्रिकीचा अभ्यास, मान्यताप्राप्त मंडळाचा परवाना आणि बंद मार्गावरील स्पर्धा, ही त्या हौसेची सरळ वाट आहे, हे त्याला दाखवावे.

राष्ट्रीय रॅली स्पर्धेने चार दशकांच्या सुमारास वाटचाल केली आहे. या काळात गाड्या बदलल्या, विजेते बदलले, पाठीराखे बदलले. न बदललेली गोष्ट एकच, की या खेळाला स्वतःचे मैदान नाही. त्याचे मैदान गावाकडून येते. म्हणून अशा खेळाचे यश निकालपत्रकापुरते मोजून चालणार नाही. स्पर्धा संपल्यावर संध्याकाळी बंडी त्याच रस्त्याने, त्याच सुखरूपपणे घरी आली की नाही, हेही त्यात धरले पाहिजे. हा हिशेब मांडण्याचा अधिकार पंचायतीचा आहे आणि तो मांडण्यास लागणारी माहिती आज येथे जमलेल्या प्रत्येकाजवळ आहे.